सोसायटी ग्रुपवरील चर्चा: पंपरूममधला जुना ७ इंची ग्राइंडर दुरुस्त करावा का?

ए-३०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. पंपरूम आवरताना सोसायटीचा जुना अँगल ग्राइंडर (लोखंड कापायचं-घासायचं हातातलं मशीन) सापडला. प्लेटवर १८० एमएम आणि ८,५०० आरपीएम वाचता येतंय, वॉट पुसले गेलेत. गार्ड (डिस्कवरचं संरक्षक झाकण) नाही, बाजूचं हँडल नाही, वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी. चालू केल्यावर फिरतो, पण मागच्या जाळीतून बऱ्याच ठिणग्या दिसतात आणि घरघर होते. वरच्या टाकीची गंजलेली शिडी पावसाळ्याआधी कापून काढायची आहे, ४० बाय ४० चा अँगल, ५ एमएम जाड. हाच दुरुस्त करून घ्यावा का? जाणकारांनी सांगावं.

बी-१०४: आधी प्लग काढून ठेवा आणि आता पुन्हा चालवून बघू नका. कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग) खराब होत असेल तर प्रत्येक वेळी चालवलं की आणखी जळतो, आणि मग पन्नास-शंभराच्या कार्बनवर (पट्ट्यांना करंट देणारे ब्रश) भागणारं काम आर्मेचरवर, म्हणजे मोटरच्या आत फिरणाऱ्या भागावर, जातं. ठिणग्या कशा आहेत ते सांगा. कार्बनच्या टोकाशी बारीक, निळसर आणि आखूड असतील तर अशा मोटरला तेवढ्या चालतात. नारिंगी, लांब आणि कम्युटेटरभोवती गोल फिरणाऱ्या असतील तर आतली कॉइल तुटलीय किंवा शॉर्ट आहे असं धरून चाला.

ए-३०१ (सेक्रेटरी): नारिंगी होत्या. गोल फिरत होत्या की नाही ते नक्की सांगता येणार नाही.

बी-१०४: मग उघडूनच बघावं लागेल. क्रम असा ठेवा. मागच्या दोन्ही झाकणांतून कार्बन आधी काढा. ते तसेच ठेवून आर्मेचर ओढलं तर कार्बन तुटतात आणि होल्डर वाकतात. कार्बन ५-६ एमएमपेक्षा आखूड झाले असतील तर नुसतं तेही कारण असू शकतं, कारण स्प्रिंगचा दाब तिथे संपतो आणि कार्बन उडायला लागतो. बदलायचे तर जोडीनेच. व्हर्नियरने जाडी, रुंदी, लांबी मोजा, वायर कुठून निघते ते बघा आणि जुना कार्बन सोबत न्या. पुण्यात तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकलच्या बाजारात, नमुना दाखवला की मिळतो. होल्डरमध्ये तो स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. घट्ट बसतो म्हणून घासून बसवलेला कार्बन एका बाजूने झिजतो.

नंतर पुढच्या गिअर हेडचे चार स्क्रू काढले की हेड आणि आर्मेचर एकत्र बाहेर येतं. हातोडी नको. हेड अडकलं तर लाकडी ठोकळ्याने हळू.

सी-६०२: काकांनी सांगितलंय त्याच्यापुढे इलेक्ट्रिकल भाग मी लिहितो.

कम्युटेटरच्या पट्ट्या बघा. सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग असेल तर उत्तम, तो थर खरवडू नका. शेजारशेजारच्या दोनच पट्ट्या काळ्या, खड्डा पडलेल्या असतील तर त्यांच्यामधली कॉइल तुटलेली असते. मल्टिमीटर सगळ्यात कमी ओहमवर लावून एकेका लागून असलेल्या जोडीचं रीडिंग घ्या. सगळी जवळजवळ सारखी यायला हवीत. एखाद्या जोडीला एकदम जास्त आलं तर तिथली कॉइल तुटलीय, कारण मग करंट बाकीच्या सगळ्या कॉइलमधून फिरून येतो. शॉर्ट मात्र साध्या मीटरला नीट कळत नाही, फरक फार बारीक असतो. त्यासाठी वाइंडिंगवाल्याकडे ग्रोलर असतो. त्यावर आर्मेचर ठेवून हॅकसॉचं पातं स्लॉटवर धरलं की शॉर्ट असलेल्या जागी ते थरथरतं. काम पाच मिनिटांचं आहे.

काही जण सिरीज बल्ब लावून 'मोटर ठीक' म्हणतात. त्याने सर्किट तुटलंय का एवढंच समजतं. या आकाराच्या मोटरचा थंड रेझिस्टन्स एक-दोन ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे मोटर चांगली असो की शॉर्ट, बल्ब जवळपास पूर्णच पेटणार.

दोन्ही फिल्ड कॉइलचा (आर्मेचरभोवतीच्या स्थिर कॉइल) रेझिस्टन्स एकमेकींशी जुळला पाहिजे. शेवटी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर): प्लगच्या दोन्ही पिना एकत्र जोडायच्या, ग्राइंडरचा स्विच ऑन ठेवायचा आणि पिना व धातूचं गिअर हेड यांच्यात मोजायचं. २ मेगाओहमच्या खाली आलं तर मशीन हातात घ्यायचं नाही. चांगल्याला यापेक्षा कितीतरी जास्त येतं.

ए-५०३: सर, याला अर्थिंग नसतं ना? दोनच वायरी दिसतात.

सी-६०२: बरोबर ताई. प्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर तो डबल इन्सुलेटेड असतो, दोन कोरचीच वायर. म्हणूनच मेगर महत्त्वाचा. वर्षानुवर्षं लोखंडाचा भुगा आत बसला की तोच करंटला वाट देतो आणि गिअर हेडला हात लावला की झटका बसतो. उघडल्यावर कमी दाबाच्या हवेने आतून साफ करा, गॉगल लावून. शिवाय ज्या बोर्डावरून वापराल तिथे ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

चिकटपट्टीवाली वायर पूर्ण बदला. रबरी आवरणाची, दोन कोर, १.५ स्क्वेअर एमएम. आत जिथे वायर शिरते तिथली पकड घट्ट हवी, नाहीतर ओढ थेट स्विचच्या टर्मिनलवर येते. ७ इंची मशीन साधारण २,००० वॉट धरलं तर ८.७ अँपिअर होतात, म्हणजे ६ अँपिअरच्या सॉकेटवर नाही, १६ वर. एक्स्टेन्शन बोर्डची गुंडाळी पूर्ण सोडायची. गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते.

सी-१०१: आर्मेचर गेलं असेल तर भोसरीत वाइंडिंग करून घेता येईल ना? स्वस्त पडतं.

बी-१०४: फिल्ड कॉइल रिवाइंड करायला हरकत नाही, ती स्थिर असते. आर्मेचरचं मी टाळायला सांगेन. बाहेर डिस्क ८,५०० ने फिरते तेव्हा आत आर्मेचर त्याच्या जवळपास तिप्पट वेगाने फिरत असतं. हाताने भरलेल्या वाइंडिंगला वार्निश नीट मुरलेलं नसेल किंवा वजन एका बाजूला असेल, तर त्या वेगाला वायर बाहेर फेकली जाते आणि बेअरिंग खाल्ली जातात. कंपनीचं तयार आर्मेचर घ्या. ते आणि मजुरी मिळून नव्या मशीनच्या निम्म्यापुढे जात असेल तर तिथेच थांबा.

पट्ट्या नुसत्या खडबडीत असतील आणि कॉइल शाबूत असतील, तर लेथवर अगदी हलका कट घेता येतो. त्यानंतर पट्ट्यांमधला मायका (इन्सुलेशनचा थर) खाली न्यायचा, साधारण अर्धा एमएम. मायका वर राहिला तर नवा कार्बनही उडतच राहतो आणि लोक कार्बनला दोष देतात. पॉलिशला ४०० नंबरचा काचपेपर, एमरी नको. एमरीचे कण पट्ट्यांत रुतून बसतात.

बी-२०३: घरघरीबद्दल. गिअर हेड वेगळं केल्यावर स्पिंडल हाताने फिरवा आणि वर-खाली हलवून बघा. खरखर लागली तर बेअरिंग, ठराविक जागी अडकलं तर गिअरचा दात. दात तुटला असेल तर मोठा गिअर आणि पिनियन (छोटा गिअर) दोन्ही बदलायचे. एकच नवा घातला तर जुना त्यालाही खातो.

बेअरिंगवर पूर्ण नंबर असतो, मागच्या अक्षरांसकट तोच घ्यायचा. ६२९ म्हटलं तर ९ बाय २६ बाय ९ नाही, ९ बाय २६ बाय ८, म्हणून डोळ्याने अंदाज नको. आर्मेचरच्या बेअरिंगला धूळ नको म्हणून लोक घट्ट रबर सीलवालं बसवतात. ते या वेगाला तापतं. मूळ मशीनमध्ये सील आतल्या रिंगला न घासणारं असतं. बसवताना शाफ्टवर दाबायचं तर आतल्या रिंगवरच जोर द्यायचा. बाहेरच्या रिंगवर ठोकलं की नवंच खराब होतं.

आणि मागचं बेअरिंग बॉडीत जिथे बसतं ती जागा नीट बघा. तिथे रबरी टोपी असते. ती वितळून बेअरिंग प्लॅस्टिकमध्येच फिरलं असेल तर भोक मोठं झालेलं असतं. मग आर्मेचर मध्यावर राहत नाही, फिल्डला घासतं. बॉडी तशी झाली असेल तर बाकी कितीही चांगलं असलं तरी दुरुस्ती करू नये.

ग्रीस लिथियमचं, गिअर हेडच्या पोकळीच्या तिसऱ्या हिश्शाएवढंच. ठासून भरलं तर तापून पातळ होतं आणि मोटरच्या बाजूला उतरतं. ते कार्बनवर गेलं की पुन्हा ठिणग्या.

सी-१०१: बाप रे. माझ्याकडे घरी ४ इंची आहे, त्यालाही हे सगळं करायचं का?

बी-१०४: ४ इंचीला हिशोब सोपा आहे. कार्बन, वायर, स्विच, बेअरिंग एवढ्यावर भागत असेल तर जरूर करा. आर्मेचर गेलं असेल तर नवा घ्या, चांगल्या कंपनीचा ४ इंची दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो.

ए-५०३: मोटरचं सगळं जमेल, पण गार्ड नसताना हे मशीन वापरायचं नाही, हे आधी ठरवू या. गार्ड बहुतेक मोठी डिस्क बसावी म्हणून काढलेला असतो. त्यात काय होतं त्याचं गणित साधं आहे. १८० एमएमच्या डिस्कचं टोक ८,५०० ला सेकंदाला ८० मीटरने जातं, आणि अशा डिस्कची मर्यादाही ८० मीटरच असते. म्हणजे हे मशीन आधीच काठावर चालतं. तीच डिस्क गार्ड काढून ११,००० च्या ५ इंची मशीनवर लावली तर वेग १०४ मीटर होतो आणि डिस्कवरचा ताण १.७ पट. तुकडे उडाले तर कापणाऱ्याच्या मानेच्या नाहीतर पोटाच्या दिशेने येतात.

डिस्कच्या मधल्या लोखंडी रिंगवर महिना आणि वर्ष असतं, ती वापरायची शेवटची तारीख. रेझिनची डिस्क बनल्यापासून तीन वर्षांची. आपल्या पंपरूममध्ये ओल असते, तिथे ठेवलेल्या डिस्क तारीख शिल्लक असली तरी फेका. ओलाव्याने रेझिन कमजोर होतं आणि डिस्क एका बाजूला जड होते.

आणखी एक, लाकूड कापायचं दातेरी पातं या मशीनवर कधीच नाही. ते लाकडात अडकलं की पूर्ण मशीन हातातून उसळतं.

बी-२०३: ताईंशी सहमत. शिडीसाठी ७ इंची लागतही नाही. अँगल ४० चा असला तरी कापायची जाडी ५ एमएमच आहे, दोन्ही पाकळ्या बाहेरून एकेक कापायच्या. ५ इंची मशीन, १ किंवा १.२ एमएमची कटिंग डिस्क पुरते. ७ इंची पाच किलोच्या आसपास असतं, उंचावर धरून चालवायचं ते मशीन नव्हे. त्यात जुन्याचा स्विच सरकवून लॉक होणारा असेल तर लाइट जाऊन आल्यावर ते आपोआप चालू होतं, खाली ठेवलेलं असलं तरी. पॅडलचा स्विच घ्या, हात सुटला की बंद.

कापताना डिस्कच्या रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला. पातळ डिस्कची कड घासायला वापरायची नाही, त्यासाठी ६ एमएमची वेगळी असते. डिस्कवरच्या नटला एका बाजूला उंचवटा असतो. जाड डिस्कला तो आत, पातळ डिस्कला नट उलटा. नाहीतर नट शेवटपर्यंत बसतो पण डिस्क सैलच राहते. शिडीचा शेवटचा जोड कापण्याआधी ती दोरीने वर बांधून घ्या. आपल्याच वजनाने खाली बसली की काप मिटतो, डिस्क चिमटीत सापडते आणि मशीन झटका देतं.

ए-५०३: गच्चीवर ठिणग्या सोलर पॅनेलच्या काचेवर जातील, त्यांचे कण काचेत रुततात आणि नंतर निघत नाहीत. ओलं गोणपाट टाकून झाकून घ्या. वॉटरप्रूफिंगचा थर आहे तिथे पत्रा अंथरा. पाण्याची बादली आणि अग्निशामक जवळ, आणि काम संपल्यावर अर्धा तास कुणीतरी तिथे थांबायचं. पार्किंगमध्ये किंवा एमएनजीएलच्या गॅस पाइपजवळ हे काम अजिबात नको.

ए-३०१ (सेक्रेटरी): समजलं. शिडीचं काम फॅब्रिकेटरला त्याच्या ५ इंची मशीनसह देऊ. त्यात गार्ड, गॉगल, पॅडल स्विच ही अट लिहून देतो. जुना ७ इंची काय करायचा?

बी-१०४: आधी गार्ड मिळतो का ते बघा, बाकी तपासणी नंतर. गार्ड आणि हँडल मिळालं, आर्मेचर, बॉडी आणि मेगर ठीक निघालं, तर दुरुस्ती करण्यासारखा आहे. मग तो एखाद्या वर्कशॉपला द्या, रोज वापरणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. आपल्याला वर्षातून एकदा लागणार, त्यासाठी पंपरूममध्ये ठेवू नका. गार्ड नाही मिळाला तर कार्बनही बदलू नका, वायर कापून भंगारात द्या, म्हणजे पुढे कुणी तसाच लावणार नाही.

ए-३०१ (सेक्रेटरी): गार्ड जुन्या बाजारात मिळेल का? रविवारी जाणारच आहे.

बी-२०३: बुधवारी आणि रविवारी बसतो, मिळू शकतो, पण नुसता ७ इंची म्हणून घेऊ नका. गिअर हेडच्या कॉलरचा (गार्ड जिथे आवळतात तो गोल भाग) व्यास व्हर्नियरने मोजून न्या. कंपनीगणिक तो वेगळा असतो, आणि कॉलरवर खाच असेल तर गार्डच्या पट्टीला तशीच जीभ हवी. पट्टी आवळूनही सैल राहिला तर मध्ये पत्रा घालून बसवायचा नाही, डिस्क फुटली की असा गार्ड गोल फिरतो. तिथे नाही मिळाला तर बोहरी आळीत, हार्डवेअरच्या दुकानांत, कंपनीचा मॉडेल नंबर सांगून विचारा. प्लेटचा आणि कॉलरचा फोटो ग्रुपवर टाका, मापं बघून सांगतो.