मदत हवी आहे: 'दहावा' आवडणाऱ्याने फायनल फँटसीचा पुढचा कोणता भाग खेळावा?

नमस्कार मंडळी. प्रश्न व्हिडिओ गेमचा आहे. ज्यांना पोरखेळ वाटतो त्यांनी पुढे जावं, राग नाही.

कॉलेजात असताना मित्राच्या प्लेस्टेशन २ वर फायनल फँटसीचा दहावा भाग खेळलो. (घरात 'दहावा' म्हटलं की आई दचकते, म्हणून यापुढे एक्स म्हणतो.) त्यात काय आवडलं ते आज नेमकं सांगता येतं: माझा डाव आला की जग थांबायचं. राक्षस डोळे वटारून उभा, आणि मी चहा करून आलो तरी तो तसाच उभा! पुढे कोणाचा डाव येणार याची यादी बाजूला दिसायची. उडता राक्षस आला की वाक्का या गड्याला आत घ्या, त्याचा चेंडू लागतो. दगडी असेल तर दुसरा कोणी. लढाई चालू असतानाही गडी बदलता यायचे.

मग नोकरी, लग्न, मुलगी. मध्ये वीस वर्षं गेली. गेल्या महिन्यात भावाने पीएस ५ दिला, सोबत सोळावा भाग (२०२३). दिसायला अप्रतिम. पण लढाई लागली की चौकोन, चौकोन, त्रिकोण, उडी, चुकव, परत चौकोन. साथीदार नावाला, हातात एकटा क्लाइव्ह, वर त्याच्या कुत्र्याला हुकूम. नंतर कळलं की या लढाया र्योता सुझुकींनी रचल्यात, आणि ते आधी कॅपकॉम कंपनीत डेव्हिल मे क्राय ५ या धडाधड बटणं दाबायच्या मारधाडीच्या गेमवर होते. मग बरोबरच आहे. माझं उजवं मनगट जुनं दुखणेकरी, अर्ध्या तासात हात भरून येतो.

तर, मालिका आता अशीच राहणार का? सातव्याचा रीमेक (२०२०) घ्यावा की १९९७ चा मूळ? आणि बारावा-तेरावा कसे आहेत? घरात लॅपटॉप आहे, पण ग्राफिक्स कार्ड यथातथाच. 'ड्रॅगन क्वेस्ट (जुन्या वळणाची, डावाडावाने लढायची दुसरी मालिका) खेळ' हे उत्तर ठाऊक आहे, ते नको.

प्रतिसाद १

तुमच्या आठवणीला थोडा धक्का देतो. जग थांबणं ही मालिकेची जुनी रीत नव्हे. १९८७ च्या पहिल्या भागात ते होतं, पण चौथ्यात (१९९१) डिझायनर हिरोयुकी इतोंनी एटीबी (अॅक्टिव्ह टाइम बॅटल) आणलं: पट्टी भरत राहते, तुम्ही विचार करत बसलात तर समोरचा ठोकतो. नवव्यापर्यंत तेच चाललं. एक्स (२००१) हाच मधला अपवाद, आणि तुम्ही नेमके त्याच्यावर वाढलात.

मूळ सातवा घेतलात तर सेटिंगमध्ये आधी 'वेट' करा. जादूची किंवा वस्तूंची यादी उघडी असेपर्यंत तरी घड्याळ थांबतं. साध्या लॅपटॉपवरही चालेल. माझं मत विचाराल तर त्याच लॅपटॉपवर नववा घ्या. सगळे सातव्याच्या मागे असतात, पण नवव्यातला छोटा जादूगार विवी मनात घर करतो.

प्रतिसाद २

रीमेकमध्ये 'क्लासिक' मोड आहे. नायक क्लाउड आपणहून पळतो, मारतो, अडवतो. पट्टी भरली की हुकूम तेवढा तुम्ही द्यायचा. मेनू उघडला की सगळं जवळपास थांबल्यासारखं हळू होतं. हा मला उत्तम तोडगा वाटला.

तेरावा (२००९) पीएस ५ वर मिळत नाही, लॅपटॉपवरच खेळावा लागेल. त्याने मालिकेचा तेरावा घातला असं म्हणणारे बरेच आहेत. अगदी तसं नाही, पण अकराव्या प्रकरणापर्यंत बोळातून सरळ चालायची तयारी ठेवा.

आणि सोळाव्यात अंगठ्या घातल्यात का? एक अंगठी वार आपोआप चुकवते, एकीमुळे एकच बटण दाबून सगळे वार होतात.

प्रतिसाद ३

दुखऱ्या मनगटाला बारावाच. गॅम्बिट म्हणजे आधीच लिहून ठेवलेले हुकूम: 'साथीदाराचा एचपी (जीव) निम्म्याखाली गेला तर क्युअर (बरं करायची जादू)', 'उडता शत्रू दिसला तर अमुक जादू'. त्यांचा क्रम लावायचा, मग लढाई आपली आपण चालते आणि चुकली तर चूक तुमच्या यादीत असते. एक्समधली तुमची आखणी इथे लढाईच्या आधीच करायची, एवढाच फरक. पीएस ४ ची 'द झोडिअॅक एज' ही आवृत्ती पीएस ५ वर चालते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. अंगठ्या कालच घालून पाहिल्या. मनगट शांत आहे, पण राक्षस मेला तेव्हा तो मी मारला असं काही वाटेना. मुलगी शेजारी बसून म्हणाली, "बाबा, तू खेळतोयस की टीव्ही बघतोयस?"

बारावा डाउनलोडला लावलाय. एकच शंका: यात प्रत्येक गड्याला दोन पेशे (योद्धा, जादूगार असे) निवडायचे असतात ना? चुकीचे निवडले तर सगळं पुन्हा पहिल्यापासून?

प्रतिसाद ३

नाही हो. सुरुवातीला ती सोय नव्हती, नंतरच्या अपडेटमध्ये आली. राबानास्त्रे शहरात मॉन्टब्लँक नावाचा मूगल (मालिकेतला छोटा केसाळ प्राणी) भेटेल, त्याच्याकडे गेलात की पेशे पुसून नव्याने निवडता येतात. आणि 'वेट' इथेही चालू करा, चहाची सोय होते.