'आग आटोक्यात' म्हणजे नेमकं काय? वणव्याच्या शब्दांना मराठी हवंय

बांधावरून:
नमस्कार मंडळी. आमचं गाव सोलापूर-बार्शी रस्त्याच्या बाजूला, नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळ. गेल्या एप्रिलात भर दुपारी माळ पेटला. गावातली पोरं आणि वनखात्याची माणसं डहाळ्या घेऊन झटली. साडेपाचला गावच्या ग्रुपवर मेसेज आला, "आग आटोक्यात आली आहे." सगळे घरी गेलो. रात्री नऊला वारं फिरलं आणि चुलत्याची कडब्याची गंज गेली. दोन म्हशी आणि बैलजोडीची पावसाळ्यापर्यंतची वैरण होती ती. मेसेज टाकणाऱ्याला दोष देत नाही, त्या वेळी जाळ खरंच दिसत नव्हता.

यंदा आमचं तरुण मंडळ एक पानाचं माहितीपत्रक काढतंय. इंग्रजीत कन्टेन्ड, कन्ट्रोल्ड, मॉप-अप असे वेगळे शब्द आहेत. लॉस एंजेलिसच्या आगीच्या बातम्यांत रोज "इतके टक्के कन्टेन्ड" यायचं, मला वाटायचं तेवढी आग विझली. आपण सगळ्यालाच 'आटोक्यात' म्हणतो. काय लिहू?

सात रस्ता:
कन्टेन्मेंटसाठी 'परिरोधन' कसा वाटतो? अर्थ नेमका बसतो.

निंबाची डहाळी:
दादा, गंजीचं वाचून जीव हळहळला. मी वनरक्षक होतो, नोकरीतले बरेच उन्हाळे गवताच्या माळावरच गेले.

'परिरोधन' कागदावर ठीक आहे, पण धापा टाकणाऱ्या माणसाच्या तोंडून तो निघणार नाही. आम्ही तीन शब्द बोलायचो: घेरली, दबली, गार झाली.

घेरली म्हणजे आगीच्या चारी बाजूंनी जाळरेषा (गवत काढून मोकळा केलेला पट्टा), गाडीवाट, नांगरट, काहीतरी आडवं लागलं. आत आग जळतच असते. ते टक्के या घेराचे असतात. घेर १० किलोमीटरचा आणि ४ किलोमीटरला पक्की रेषा, तर ४० टक्के. आत कितीही भडका असो. लॉस एंजेलिसची पॅलिसेड्सची आग ७ जानेवारी २०२५ ला लागली आणि १०० टक्के कन्टेन्ड झाली ३१ जानेवारीला. दबली म्हणजे ती आता रेषा ओलांडणार नाही अशी खात्री झाली. आणि गार म्हणजे गार.

तुमच्याकडे घात झाला तो दबली आणि गारच्या मध्ये. कुसळी गवत बघता बघता जळून जातं, म्हणून माणसाला वाटतं संपलं. पण माळावर वाळलेलं शेण पडलेलं असतं. वरून पांढरी राख, बुटाने उलटं केलं की आतून लालभडक. बाभळीचा बुंधा तर मुळापर्यंत धुमसतो. रात्री वारं सुटलं की तिथूनच ठिणगी उडते. म्हणून रेषेच्या कडेकडेने आत वीस-पंचवीस पावलं तपासायची. हाताची उलटी बाजू राखेजवळ न्यायची, झळ नसेल तरच टेकवायची. धुमसणाऱ्यावर नुसती माती लोटून पुढे जाऊ नका, आत ती तशीच जगते. उकरा, पसरा, पाणी मारा, परत हात लावा. मॉप-अप म्हणतात ते हेच. आम्ही त्याला 'राख धुंडाळणं' म्हणायचो.

पत्रकात आगीचं तोंड (वाऱ्याबरोबर पुढे धावणारी बाजू), बगल (दोन्ही कडा) आणि शेपूट (मागची बाजू) हेही घाला. तोंडासमोर कुणीही उभं राहायचं नाही. शेपटाकडून शिरायचं, बगलेने पुढे सरकायचं आणि एक पाय कायम काळ्यात, म्हणजे जळून गेलेल्या जागेत. वारं फिरलं तर पळायला तीच जागा. समोरून उलटी आग लावायचा प्रकार मात्र पोरांना अजिबात करू देऊ नका, त्याला वाऱ्याची पारख लागते.

बांधावरून:
काका, हेच हवं होतं. एक शंका: 'गार झाली' हे म्हणायचं कुणी? त्या दिवशी चौघांनी चार मेसेज टाकले होते.

निंबाची डहाळी:
एकानेच. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांतही घटनेचा एकच कमांडर ठेवलाय, तो याचसाठी. तुमच्या माळावर हजर असलेला वनखात्याचा साहेब म्हणेल तेव्हाच ग्रुपवर टाकायचं, आणि टाकताना वेळ लिहायची. तोवर 'घेरली, पहारा चालू' एवढंच. रात्री दोघं-दोघं पाळीने बसवा, सोबत पाण्याचा पंप आणि बॅटरी. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ मोठ्या अक्षरात छापा.

सात रस्ता:
'परिरोधन' मागे घेतो. 'घेरली' फार नेमका आहे. पत्रक टाइप करून द्यायला मी तयार आहे.

बांधावरून:
आभार दोघांचे. चुलत्यांना आत्ताच वाचून दाखवलं. ते शेणाच्या ओळीवर थांबले, म्हणाले, गंजीच्या मागच्या अंगाला गुरं बसायची तीच जागा. यंदा गंज तिथून हलवून घराकडच्या रानात रचलीय, भोवती नांगराचे सहा तास, म्हणजे सहा चर, उद्या काढतोय.