मदत हवी आहे: गावच्या पोलिसांची जुनी टॉमी गन नव्या रायफलींच्या बदल्यात चाललीय, सभेत काय विचारू?

नमस्कार मंडळी,

आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या एका छोट्या गावात बरीच वर्षं राहतोय. गाव जुनं, कापडगिरण्यांचं. इथल्या पोलीस खात्याकडे एक थॉम्पसन सबमशीनगन आहे, लोक जिला टॉमी गन म्हणतात ती. एका विक्रेत्याने खात्यापुढे प्रस्ताव ठेवलाय: ही बंदूक आम्हाला द्या, तिच्या बदल्यात नव्या रायफली आणि बुलेटप्रूफ जॅकेटं घ्या. पैसे द्यायचे-घ्यायचे नाहीत, सरळ अदलाबदल. विषय लवकरच टाऊन काउन्सिलपुढे येतोय. नागरिकांना बोलायला तीन-तीन मिनिटं मिळतात आणि मला बोलायचंय.

पोलिसांना चांगली सामग्री मिळू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. 26/11 च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हातात .303 रायफली आणि लाठ्या होत्या. जुनाट हत्यारं देऊन माणसं उभी करायची ही गोष्ट मला आजही सहन होत नाही. जॅकेटं हवीतच.

पण ही बंदूक मी जवळून पाहिली आहे. खात्याने नागरिकांसाठी ठाणं खुलं ठेवलं होतं, तेव्हा एका अधिकाऱ्याने ती टेबलावर मांडली होती. निळसर काळं पोलाद, पुढच्या लाकडी मुठीला बोटांसाठी खाचा, शेजारी पन्नास गोळ्यांचा गोल ड्रम. तो किल्लीने घड्याळासारखा पिळावा लागतो. बंदुकीच्या अंगावर 1921 असं कोरलंय आणि शेवटच्या 1 वर 8 ठोकून त्याचं 1928 केलंय. अधिकाऱ्याने सांगितलं की कोल्ट या शस्त्रांच्या कंपनीने हार्टफोर्डला अशा 15,000 बनवल्या होत्या. त्यातल्या पुष्कळ वर्षानुवर्षं खपल्या नाहीत, म्हणून नंतर थोडा बदल करून त्यांच्यावर नवा आकडा ठोकला.

जुनी माणसं म्हणतात की ती 1934 च्या सुमारास, गिरणी संपात घेतली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात इथल्या गिरण्या बंद पडल्या होत्या आणि राज्याने नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, उतरवलं होतं, हे इतिहासात आहे. बंदुकीचं मात्र ऐकीव, कागद कुणी दाखवलेला नाही. माझे सासरे लालबागच्या गिरणीत होते, 1982 च्या संपात त्यांचं काम गेलं ते गेलंच. त्यामुळे संपकऱ्यांसमोर कुणी काय आणून उभं केलं होतं, हे मला साधी गंमत म्हणून सोडून देता येत नाही. ही बंदूक एखाद्या संग्राहकाच्या तिजोरीत गेली की गावाच्या हाती काही उरणार नाही.

याच राज्यात फोर्साइथ काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने 2014 मध्ये दोन थॉम्पसन देऊन 88 बुशमास्टर रायफली घेतल्या होत्या. म्हणजे असा सौदा होऊ शकतो. प्रश्न असे: आमच्या बंदुकीची किंमत कुणी ठरवायची? अदलाबदल सोडून दुसरा काही मार्ग कायद्यात आहे का? आणि तीन मिनिटांत काउन्सिलला कोणता कागद मागू? इथल्या स्थानिक कारभाराची किंवा जुन्या शस्त्रांची माहिती असलेल्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद 1

ताई, मी शेजारच्या काउंटीत हिशेब विभागात आहे. तुमच्या कामाचं, आपल्या राज्याच्या कायद्यातलं कलम 160ए-271. शहराला आपली वस्तू देऊन दुसरी घेता येते, लिलावाची सक्ती नाही, पण मोबदला पूर्ण आणि रास्त असावा लागतो. ठराव नियमित सभेतच, आणि त्याआधी दहा दिवस जाहीर सूचना. त्या सूचनेत दोन्ही बाजूंच्या वस्तूंचं वर्णन आणि किंमत द्यावी लागते. तेव्हा पहिला प्रश्न हाच ठेवा: सूचनेत बंदुकीची किती किंमत लिहिली आणि ती कुणाच्या सांगण्यावरून? जो घेणार त्यानेच किंमत सांगितली असेल तर ते मूल्यांकन धरू नका. त्रयस्थाकडून करून घ्या म्हणावं.

आता दुसरा मार्ग. कलम 160ए-274 प्रमाणे एक सरकारी संस्था दुसरीला वस्तू विकू शकते, बदलून देऊ शकते, भाड्यानेही देऊ शकते. मोबदला घ्या किंवा घेऊ नका, अटी दोघांनी ठरवायच्या. आपल्या राजधानीतलं, रॅली शहरातलं इतिहास संग्रहालय राज्य सरकारचंच आहे. म्हणजे मालकी गावाकडे ठेवून बंदूक तिथे मांडता येईल का, हे काउन्सिलच्या वकिलाला थेट विचारा. जॅकेटांचे पैसे मग अंदाजपत्रकातून काढावे लागतील, तेही तुम्हीच बोलून दाखवा, म्हणजे कुणी तुम्हाला पोलिसांच्या विरोधातली ठरवणार नाही.

प्रतिसाद 2

मी मिशिगनमध्ये राहतो, जुन्या शस्त्रांचा अभ्यास करतो. किमतीची सगळी मेख एका कागदात आहे: एटीएफकडे, म्हणजे शस्त्रांची नोंद ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याकडे, ही बंदूक कोणत्या फॉर्मवर नोंदली आहे?

1934 च्या कायद्याने मशीनगनची नोंदणी आणि हस्तांतरावर 200 डॉलर कर आला. 19 मे 1986 नंतर सामान्य माणसासाठी नवी नोंदणी बंदच झाली. आहेत त्या मोजक्याच, म्हणून खासगी माणसाला कायद्याने घेता येणारी कोल्ट थॉम्पसन हजारो डॉलरना जाते. पण पोलिसांकडच्या कित्येक जुन्या बंदुका पुढे कधीतरी फॉर्म 10 वर नोंदल्या गेल्या. तशी असेल तर ती फक्त सरकारी संस्थेलाच देता येते. संग्राहकाला मिळणार नाही, त्यामुळे त्या भावाची गोष्टच संपते. विक्रेता मोठी अदलाबदल देऊ करतोय म्हणजे बहुधा नोंदणी चांगली आहे. पण "बहुधा"वर ठराव होऊ देऊ नका. आणखी एक शक्यता, ती सैन्याकडून उसनी आलेली असली तर मुळात गावाची नाहीच, विकायचा प्रश्न येत नाही.

ड्रम, त्याची पिशवी, बंदुकीची मूळ पेटी, खरेदीची पावती, पत्रव्यवहार, यांची किंमत वेगळी धरतात. ही यादी सौद्यात आहे का ते बघा, बऱ्याचदा हे सामान बंदुकीबरोबर असंच निघून जातं. आणि भाव बघायचा तर इलिनॉयचं रॉक आयलंड किंवा पेनसिल्व्हेनियाचं मॉर्फी, या लिलावगृहांचे मागचे निकाल सगळ्यांना पाहता येतात. कोल्टचे निकाल कोल्टशीच ताडा, महायुद्धात सॅव्हेज या दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या थॉम्पसनशी नको.

ठेवायचीच असेल तर आमच्याकडचं उदाहरण द्या. शिकागोच्या 1929 च्या व्हॅलेंटाइन हत्याकांडात सात जणांना मारणाऱ्या दोन थॉम्पसन इथल्या बेरियन काउंटीच्या शेरीफ कार्यालयाने जपून ठेवल्या. बंदुकांचे तपासतज्ज्ञ कॅल्व्हिन गॉडार्ड यांनी गोळ्या ताडून त्या ओळखल्या होत्या. गुन्हेतपासाच्या इतिहासातला तो मोठा पुरावा आहे, आणि तो विकला गेला नाही म्हणूनच लोकांना पाहता येतो.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. आज टाऊन क्लार्ककडे लेखी अर्ज दिला: जाहीर सूचनेची प्रत, एटीएफच्या नोंदणीचा फॉर्म आणि खात्याकडचा 1930 ते 1940 मधला खरेदीचा कागद. क्लार्कबाई म्हणाल्या, जुन्या वह्या तळघरात आहेत, येऊन बघा. सभेत मी इतकंच मागणार आहे की हे तिन्ही कागद काउन्सिलने पाहीपर्यंत ठराव पुढे ढकलावा, आणि संग्रहालयाला पत्र जावं. बंदूक द्यायचीच ठरली तर त्या वह्यांची नक्कल गावाच्या ग्रंथालयात राहावी.

शेवटची एक मदत: 1930 च्या दशकातल्या नगरपालिकेच्या खरेदी वहीत अशी नोंद कोणत्या खात्याखाली सापडेल? "पोलीस सामान" की आणीबाणीचा खर्च? हिशेब विभागातल्या दादांनी सांगितलं तर तळघरातला वेळ वाचेल.