समोरच्या वितरकाने दर ३ टक्क्यांनी पाडलाय, आपणही पाडायचा का?

प्रश्न: घाऊक वितरण, माल इलेक्ट्रिकल आणि हार्डवेअरचा. सरासरी मार्जिन १५ टक्के. समोरच्याने तोच माल ३ टक्के खाली लावलाय. दर उतरवू, की उधारीचे दिवस ४५ वरून ६० करू?

उत्तर १: आधी आकडेमोड करा. ८५ ची खरेदी १०० ला विकली की १५ सुटतात, ९७ ला विकली की १२. तेवढाच नफा हवा तर २५ टक्के जास्त नग विकावे लागतील, वर त्यांची हमाली आणि गाडीभाडं वेगळं. गिऱ्हाईक ज्या मोजक्या मालाचा भाव तोंडपाठ ठेवतं, तेवढ्यातच बरोबरी करा. बारीकसारीक सामानात भावाची घासाघीस फारशी होत नाही, माल हातात पडला की झालं.

उत्तर २: खरी स्पर्धा तिथेच आहे! प्रत्येक आयटम मिळण्याचं प्रमाण ९५ टक्के असलं, तरी १० आयटमच्या साधारण ६० टक्केच ऑर्डरी पूर्ण जातात. ९८ केलंत तर ८२. अर्धवट ऑर्डर मिळालेलं गिऱ्हाईक उरलेल्यासाठी दुसरीकडे फोन लावतं आणि हळूहळू अख्खी यादीच तिकडे जाते.

माल संपतो तो बहुधा ऑर्डर उशिरा टाकल्यामुळे. रोजचा खप ८ नग, माल यायला १० दिवस, म्हणजे ८०. वर ३० राखीव. हातातला आणि वाटेवरचा मिळून साठा ११० वर आला की ऑर्डर टाका. पुरवठादार सांगतो ते दिवस धरू नका, मागच्या सहा खेपांच्या तारखा काढून बघा. दुसरी खोट नोंदीत: संगणकात १२ नग, रॅक रिकामा. परत आलेला माल भलत्याच खणात गेलेला असतो, नाहीतर नगाच्या जागी बॉक्स चढलेला. जोरात खपणारा माल दर महिन्याला मोजाच.

उत्तर ३: उधारी वाढवू नका. साठा ४० दिवसांचा, उधारी ४५, पुरवठादाराची मुदत ३० धरली तर ५५ दिवस पैसा तुमचाच अडकलेला. उधारी ६० केलीत की ७०.

प्रश्नकर्ता: ते ९५ टक्के मोजायचे कसे?

उत्तर २: मागितलेले सगळे नग पहिल्याच खेपेत गेले, तरच तो आयटम ‘मिळाला’ धरा. आणि फोनवर ‘नाही’ म्हटलेला मालही लिहून ठेवा. बिलावरून मोजलंत तर तो कुठेच दिसत नाही.