मदत हवी आहे: शिफारसपत्रात 'प्रामाणिक' कसं लिहू? ऑनेस्ट, सिन्सिअर, फ्रँक की आणखी काही?

नमस्कार मंडळी,

एका शिफारसपत्रात अडकले आहे आणि ते परवापर्यंत पाठवायचं आहे. माझ्या हाताखाली तीन वर्षं हिशेबाचं काम केलेली एक मुलगी पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करते आहे. तिच्या हुशारीबद्दल इतर लिहितील. मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे, ती म्हणजे ही मुलगी प्रामाणिक आहे. मराठीत हे मी एका बैठकीत लिहिलं असतं. इंग्रजीत चार दिवस झाले, मनासारखं एक वाक्य उतरत नाही.

काय घडलं होतं ते आधी सांगते, म्हणजे मला नेमकं काय म्हणायचंय ते कळेल. महिना बंद झाला होता, तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाजूंची बेरीज ताडून पाहायचा तक्ता) जुळली होती, सगळे निघायच्या तयारीत होते. ही छापील पान घेऊन माझ्या टेबलाशी आली आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, इथे ३,४६० हवे होते. मी ३,६४० टाकलेत." मूळ नोंदच चुकलेली, त्यामुळे नावे आणि जमा दोन्हीकडे तोच चुकीचा आकडा. अशी चूक तेरजेत दिसतच नाही. फरक १८०. त्याला नऊने भाग जातो, म्हणजे अंकांची अदलाबदल, हेही तिनंच सांगितलं. ती बोलली नसती तर कुणाच्याही लक्षात आलं नसतं. मी पानाकडे बघत होते तेवढा वेळ तिनं त्या ओळीवरचं बोट उचललं नव्हतं.

पहिल्या मसुद्यात मी 'ऑनेस्ट' लिहिलं. ते फार साधं वाटलं, म्हणून 'सिन्सिअर' जोडलं, मग 'फ्रँक', मग 'ट्रुथफुल'. माझ्या भाच्यानं वाचलं आणि म्हणाला, "मावशी, एकच गोष्ट चारदा लिहिल्यासारखी वाटते, आणि 'व्हेरी फ्रँक'मुळे ती उर्मट वाटेल." तेव्हापासून माझा हातच चालत नाही. या चार शब्दांत फरक आहे का? असेल तर माझ्या प्रसंगाला कोणता बसतो? आणि खरं 'से' करतात, 'टेल' करतात की 'स्पीक'? 'ऑनेस्ट टू मी' की 'ऑनेस्ट विथ मी'? शाळेत शिकले असेन, पण आज खात्री नाही.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

'इंटेग्रिटी' लिहा. अशा पत्रात तोच शब्द चालतो.

धागाकर्ती

धन्यवाद. तो शब्द मीही पाहिला, पण मला आलेल्या प्रत्येक शिफारसपत्रात तो असतो. वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरून जाईल अशी भीती वाटते. शिवाय त्याचा अर्थ 'प्रामाणिकपणा'च आहे का, हेही कुणी सांगा.

प्रतिसाद २

भाषांतराचं काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो. हे शब्द एकाच घरातले असले तरी प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

'ट्रुथफुल' हा फक्त बोलण्याबद्दलचा शब्द. माणूस सांगतो ते वस्तुस्थितीला धरून आहे, एवढंच. 'ऑनेस्ट'चा आवाका मोठा. त्यात बोलणं आलं, वागणं आलं, दुसऱ्याच्या पैशाला हात न लावणं आलं. म्हणून कष्टाच्या कमाईला 'ऑनेस्ट लिव्हिंग' म्हणतात, तिथे 'ट्रुथफुल' चालणार नाही. मूळ लॅटिन शब्द मान, प्रतिष्ठा या अर्थाचा, आणि 'ऑनर' त्याचाच भाऊबंद. दोन्ही फ्रेंचमधून आले, म्हणून दोन्हींतला 'ह' मुका.

आता 'सिन्सिअर'. इथे आपण सगळेच फसतो. आपल्याकडे 'मुलगा सिन्सिअर आहे' म्हणजे मन लावून अभ्यास करणारा, वेळेवर येणारा, कामसू. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांना तो अर्थ पटकन लागत नाही. त्यांच्या लेखी सिन्सिअर म्हणजे मनात एक आणि ओठांवर एक असं नसलेला. माफी सिन्सिअर असते, कौतुक सिन्सिअर असतं. आणि एखादा माणूस अगदी सिन्सिअर असूनही चुकीचं सांगू शकतो, कारण त्याला ते मनापासून खरं वाटतं. म्हणजे सिन्सिअरची कसोटी मनाशी आणि ट्रुथफुलची कसोटी बाहेरच्या जगाशी. तुमच्या प्रसंगात दोन्ही आहेत, पण पत्रात 'सिन्सिअर' टाकलात तर वाचणाऱ्याला तो 'आव आणत नाही' असा वाटेल. तुम्हाला ते सांगायचं नाहीये. (हा शब्द 'मेणाविना' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांतून आला आणि मूर्तिकार भेगा मेणानं बुजवत असत, ही गोष्ट सगळीकडे फिरते. ती रचलेली आहे. लॅटिन 'सिंकेरुस' म्हणजे स्वच्छ, भेसळ नसलेला, इतकंच.)

'फ्रँक'बद्दल तुमच्या भाच्याचं बरोबर आहे. फ्रँक ही एक जमात होती, तिच्यावरूनच फ्रान्सचं नाव पडलं. त्यांच्या राज्यात पूर्ण स्वातंत्र्य त्यांनाच होतं, म्हणून 'फ्रँक' म्हणजे मोकळा. टपालावर बिनपैशाचा शिक्का मारण्याला 'फ्रँकिंग' म्हणू लागले तेही त्यातूनच. पुढे अर्थ झाला बोलायला मोकळा, समोरच्याला रुचणार नाही तेही बोलणारा. आपण 'ती सगळ्यांशी फ्रँक असते' म्हणतो तेव्हा आपल्याला मिसळणारी, मनमोकळी असं म्हणायचं असतं. तो अर्थ तिकडे नाही. फ्रँकच्या एक पायरी पुढे 'ब्लंट', म्हणजे आपला फटकळ. 'आउटस्पोकन' म्हणजे परखड.

'कँडिड' मात्र विचारात घ्या. माझ्या मते तो 'प्रांजळ'च्या सर्वांत जवळ आहे. स्वतःकडचं काही हातचं न राखता सांगणारा, तेही कुणाला न बोचता. मूळ अर्थ शुभ्र, चमकणारा. प्राचीन रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस खडूनं पांढराफेक केलेला टोगा घालून फिरायचा, त्यावरून 'कँडिडेट'. 'कँडल' त्याच धातूतला, आणि गंमत म्हणजे आपला 'चंद्र'ही त्याच कुळातला.

आणि 'इंटेग्रिटी'. गणितात पूर्णांकाला 'इंटिजर' म्हणतात ना, तोच शब्द. न तुटलेला, अखंड. कुणी बघत असताना आणि नसताना माणूस एकच असणं. माझ्या मते याला 'सचोटी' हाच मराठी शब्द. तुमची मुलगी नेमकी तीच आहे, त्यामुळे प्रतिसाद १ मधला सल्ला अर्थाच्या दृष्टीनं योग्यच आहे. फक्त तो शब्द इतका वापरला गेलाय की नुसता लिहून भागणार नाही.

धागाकर्ती

किती मनापासून लिहिलंत! 'सिन्सिअर'चं वाचून धस्स झालं. गेल्या वर्षी दोन पत्रांत मी तो शब्द कामसू याच अर्थानं लिहिला होता. 'फ्रँक' काढून टाकला. 'कँडिड अबाउट हर मिस्टेक' असं लिहू का? की 'शी कन्फेस्ड हर मिस्टेक'?

प्रतिसाद ३

'कन्फेस' नको! बरीच वर्षं इंग्रजी शिकवते, म्हणून जरा जोरात सांगते. 'कन्फेस'ला गुन्ह्याचा, पापाचा वास आहे. वाचणारा विचारेल, असं काय केलं होतं तिनं? 'अ‍ॅडमिट'मध्ये थोडी नाखुशी असते, आधी नाकारलं आणि मग कबूल केलं अशी छटा येते. 'ओन अप' चांगला आहे, पण बोलीतला, आणि त्यातही बऱ्याचदा कुणीतरी विचारल्यानंतरची कबुली असते. तुमच्याकडे कुणी विचारलंच नव्हतं, तोच तर सगळा मुद्दा. म्हणून साधी क्रियापदं घ्या. ती आली, तिनं दाखवलं, तिनं सांगितलं. 'केम टू मी', 'शोड मी', 'टोल्ड मी'.

तुमचे व्याकरणाचे प्रश्न. खरं बोलण्याला 'टेल द ट्रुथ'. 'से द ट्रुथ' खटकतं, आपण 'खरं बोल'चं शब्दशः करतो म्हणून ते तोंडात येतं. 'स्पीक द ट्रुथ' बरोबर आहे, पण ते भारदस्त, भाषणात शोभणारं. खोट्यालाही 'टेल'च, 'टेल अ लाय'. आणि इथे एक गोष्ट मुलांना दाखवायला मला फार आवडते. ट्रुथच्या आधी 'द' येतं आणि लायच्या आधी 'अ'. खोटं कितीही प्रकारचं असू शकतं, त्यातलं कुठलं तरी एक. खरं ते एकच, ठरलेलं. एकदा हे सांगितलं की मुलं ते आर्टिकल सहसा चुकत नाहीत.

'ऑनेस्ट'नंतर माणूस आला तर 'विथ', विषय आला तर 'अबाउट'. 'ऑनेस्ट विथ मी अबाउट द एरर.' 'टू' येतं ते 'लॉयल'नंतर. 'ऑनेस्ट'च्या आधी 'अ‍ॅन', कारण 'ह' उच्चारत नाही. आणि 'व्हेरी ऑनेस्ट' शक्यतो टाळा. 'फार प्रामाणिक' म्हटलं की कमी प्रामाणिक असाही काही प्रकार असतो असं वाटू लागतं. 'व्हेरी' या शब्दाचा मूळ अर्थच 'खरा' होता, लॅटिन 'वेरुस'वरून. झिजून झिजून आता तो नुसता 'खूप' उरलाय. न्यायालयाच्या निकालाला 'व्हर्डिक्ट' म्हणतात, त्यातही तोच 'वेरुस', 'खरं बोललेलं'.

अजून एक, 'ऑनेस्ट मिस्टेक' हा शब्दप्रयोग तुमच्या कामाचा आहे. म्हणजे हेतू वाईट नसताना झालेली चूक. आकडे उलटे पडले ती 'ऑनेस्ट मिस्टेक'. पण तिचं कौतुक त्यासाठी नाही, नंतर येऊन सांगितल्यासाठी आहे. एकाच परिच्छेदात दोन्हीकडे 'ऑनेस्ट' आलं तर हा फरक पुसट होईल. म्हणून चुकीला नुसतं 'एरर' म्हणा आणि 'ऑनेस्ट' तिच्यासाठी राखून ठेवा.

प्रतिसाद ४

थोडं अवांतर. इंग्रजीत खरं या अर्थाचा एक जुना शब्द आहे, 'सूथ'. आता तो 'सूथसेयर' म्हणजे भविष्य सांगणारा, अशा एखाद-दुसऱ्या शब्दातच उरलाय. पण तो आपल्या 'सत्य'चा सख्खा नातेवाईक आहे. दोन्हींच्या मुळाशी 'असणे' हा धातू. जे आहे ते सत्य, जे आहे ते सूथ. याउलट 'ट्रुथ'चा जुना अर्थ निष्ठा, दिलेला शब्द पाळणं. म्हणून वाङ्‌निश्चयाला 'बिट्रोथल', आणि 'ट्रस्ट'ही त्याच घरातला. त्या भाषेनं 'जे आहे ते' सांगणारा शब्द बाजूला ठेवला आणि विश्वासाचा शब्द खऱ्यासाठी घेतला. मला हे फार सुंदर वाटतं.

दुसरं, साक्षीदाराच्या इंग्रजी शपथेत तीन तुकडे असतात. खरं सांगेन, पूर्ण खरं सांगेन आणि खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. पहिल्यानं खोटं गेलं, दुसऱ्यानं लपवणं गेलं, तिसऱ्यानं पदरचं घालणं गेलं. धागाकर्तीच्या मुलीला कुणी विचारलं असतं तर पहिला तुकडा पाळून ती मोकळी झाली असती. तिनं दुसरा पाळला. पत्रात नेमकं हेच यायला हवं.

धागाकर्ती

प्रतिसाद ४, तुम्ही माझ्या मनातलं बोललात. इतके दिवस मी विशेषण शोधत होते. हवं होतं ते 'न विचारता' हे सांगणारं वाक्य.

काल रात्री नव्यानं लिहिलं. सुरुवातीची चारही विशेषणं काढली. आधी प्रसंग लिहिला, तेरीज जुळली होती हे सांगितलं, म्हणजे हिशेब जाणणाऱ्याला कळेल की गप्प बसणं किती सोपं होतं. मग हे वाक्य: 'शी टोल्ड मी बिफोर एनीवन हॅड आस्क्ड.' त्यानंतर एकदाच, 'आय हॅव नेव्हर वर्क्ड विथ अ मोर ऑनेस्ट पर्सन.' 'मोर' आल्यामुळे इथे 'अ'च ना? भाच्याला विचारलं, तो हो म्हणाला. 'कँडिड' दुसऱ्या परिच्छेदात गेला, बैठकीत ती आपली अडचण कशी मांडते त्याबद्दल.

'इंटेग्रिटी' मात्र कुठेच लिहिला नाही. पूर्णांकाचं वाचल्यावर तो शब्द मला खूप आवडायला लागलाय, पण त्या बोटाबद्दल लिहून झाल्यावर त्याची गरज वाटली नाही.

प्रतिसाद ३

'अ'च बरोबर. वाक्याला हात लावू नका.

धागाकर्ती

पत्र आज सकाळी पाठवलं. ३,४६० आणि ३,६४० हे दोन्ही आकडे तसेच ठेवलेत. सगळ्यांचे मनापासून आभार.