विषय: गॅल्व्हस्टनची क्रूझ, वेग कमी झाल्याची मेल आणि सोबतचे आई-वडील

प्रेषक: सहल समिती

सगळ्यांना नमस्कार,

क्रूझ कंपनीची मेल सगळ्यांना आलीच असेल. जहाजाच्या प्रोपल्शनमध्ये (जहाज पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेत) बिघाड आहे, वेग कमी राहील, होंडुरासचं रोआतान बंदर रद्द, मेक्सिकोतल्या कोझुमेलला सकाळऐवजी दुपारी पोचणार आणि परतीच्या वेळेत बदल होऊ शकतो, एवढंच त्यात आहे. आपल्या गटात लातूर, परभणी, बीड, नांदेडकडून आलेली वडीलधारी मंडळी बरीच आहेत आणि काहींचं भारतात परतायचं तिकीट सफरीला लागूनच आहे. जायचं का, आणि जायचं तर कशी तयारी ठेवायची, हे जाणकारांनी लिहावं. "काळजी घ्या" एवढ्यावर भागणार नाही, नेमकं सांगा.

---

प्रेषक: निवृत्त चीफ इंजिनिअर, लातूर

नमस्कार मंडळी,

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. जहाज हळू चालणं वेगळं आणि जहाज अंधारात जाणं वेगळं. पहिल्यात तुमचं वेळापत्रक बिघडतं. दुसऱ्यात पाणी, संडास, जेवण, औषध सगळंच बिघडतं. तुम्हाला आलेली मेल पहिल्या प्रकारची आहे.

आजच्या बहुतेक क्रूझ जहाजांत डिझेल इंजिनं पाण्यातला पंखा (प्रोपेलर) सरळ फिरवत नाहीत. ती जनरेटर फिरवतात आणि त्या विजेवर पंख्याच्या मोटरी चालतात. बऱ्याच जहाजांत ही मोटर पाण्याखाली लोंबणाऱ्या, गोल फिरणाऱ्या पॉडमध्ये असते. पॉडचं बेअरिंग झिजतं किंवा सीलमधून समुद्राचं पाणी तेलात शिरतं. मग ती मोटर बंद ठेवतात नाहीतर कमी भारावर चालवतात. बहुतेक वेळा हे काम ड्रायडॉकमध्ये, म्हणजे पाणी काढून टाकलेल्या कोरड्या गोदीतच होतं. एवढ्या मोठ्या जहाजाला पुरेल अशी गोदी जवळपास मोजकीच असते आणि तिच्या तारखा आधीच भरलेल्या असतात. म्हणून कंपन्या आठवडेच्या आठवडे कमी वेगाने सफरी चालू ठेवतात. यात सुरक्षिततेशी खेळ असतोच असं नाही. क्लासिफिकेशन सोसायटीचा (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा) सर्व्हेअर पाहून, अटी घालून मगच परवानगी देतो.

वेगाचा हिशोब असा. लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दोनपैकी एक पॉड गेला तरी वेग निम्मा होत नाही, कागदावर सुमारे ८० टक्के उरतो. २२ नॉटचं (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जहाज १७ वर यावं. प्रत्यक्षात बंद पॉड पाण्यात ओढ धरतो, दिशा राखायला चालू पॉड तिरका ठेवावा लागतो, म्हणून १५–१६ धरा. गॅल्व्हस्टन ते कोझुमेल सुमारे ७०० सागरी मैल आहे. रविवारी दुपारी ४ ला निघून मंगळवारी सकाळी ८ ला लागायचं तर सरासरी साडेसतरा नॉट हवेत. १५ नॉटने हेच अंतर ४७ तास खातं, म्हणजे मंगळवारची दुपार. येताना पुन्हा तेवढंच. रोआतान का गेलं ते यातच आलं. आणि कोझुमेलहून ठरल्यापेक्षा लवकर निघत नसतील, तर परतीला उशीर होणार हे आजच समजा. समितीने कंपनीला हीच एक वेळ विचारावी: कोझुमेलहून दोर किती वाजता सोडणार?

आता दुसरा प्रकार. सगळे जनरेटर एकदम बंद पडले की इमर्जन्सी जनरेटर ४५ सेकंदांच्या आत सुरू व्हावा लागतो आणि प्रवासी जहाजावर त्याला ३६ तास पुरेल एवढं डिझेल ठेवावं लागतं. तो आपल्याकडच्या भारनियमनातल्या इन्व्हर्टरसारखा समजा: बल्ब लागतो, बोअरची मोटर नाही. वाटांवरचे दिवे, आग विझवायचा पंप, रेडिओ, दिशादर्शन हे चालतं. एसी, स्वयंपाकघर, बहुतेक लिफ्ट आणि संडासाचे व्हॅक्यूम पंप बंद. जहाजावरचा संडास एका वेळी लिटरभर पाणी घेतो आणि हवेच्या ओढीने साफ होतो. ओढ गेली की बटण दाबत राहून काही होत नाही, वर येतं. दोनदा दाबून गेलं नाही तर झाकण लावा आणि कर्मचारी देतील त्या पिशव्या वापरा.

२०१३ साली याच गॅल्व्हस्टनहून निघालेल्या कार्निव्हल ट्रायम्फ या क्रूझ जहाजाचं हेच झालं होतं. जनरेटरच्या इंधन परतीच्या लवचीक नळीतून गळती झाली, तेल तापल्या भागावर उडालं आणि १० फेब्रुवारीला पहाटे आग लागली. आग विझली, कोणी दगावलं नाही, पण मुख्य वीज परत आलीच नाही. टगांनी (ओढबोटींनी) ओढत १४ फेब्रुवारीला अलाबामातल्या मोबाइल बंदरात आणलं. लोकांच्या गाड्या मात्र गॅल्व्हस्टनला उभ्या होत्या. बऱ्याच जणांना बसने न्यू ऑर्लिन्स आणि पुढे विमानाने ह्यूस्टनला आणावं लागलं.

म्हणून आपल्या जहाजाचं वय पाहा. १ जुलै २०१० पासून ज्यांचा कणा घातला गेला, म्हणजे बांधणी सुरू झाली, त्या मोठ्या प्रवासी जहाजांना एक जादा नियम लागू आहे. यंत्रशाळेचा एक कप्पा आगीत किंवा पाण्यात गेला तरी उरलेल्या कप्प्यांच्या जोरावर जहाजाने स्वतः बंदर गाठलं पाहिजे. त्याहून जुन्या जहाजांना ही सक्ती नाही. आपलं जहाज या तारखेनंतरचं असेल तर मी म्हणेन, जा. जुनं असेल आणि आई-वडिलांना इन्शुलिन, श्वासाचं यंत्र किंवा व्हीलचेअर लागत असेल तर तारीख पुढे ढकला.

---

प्रेषक: ऑस्टिन, मूळ गाव अंबाजोगाई

काका, फार उपयोगी. एक सांगा, केबिन आता बदलून मिळत असेल तर कोणती घ्यावी? आणि पैशांचं काय? एक बंदर गेलं, वेळ गेला, तर काही परत मिळतं का?

---

प्रेषक: लातूर

केबिन मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यांवरची घ्या, खिडकी किंवा बाल्कनी हवीच. आतली केबिन दिवे गेल्यावर ठार काळोखाची होते आणि हवा खेळत नाही. जहाज थांबलं की जास्त डोलतं, कारण बाजूचे स्टॅबिलायझर पंख वेगावर काम करतात. तो डोल मध्यभागी सगळ्यात कमी जाणवतो. लिफ्ट बंद पडल्यावर ज्येष्ठांना जेवणाच्या मजल्यापर्यंत किती जिने चढावे लागतील ते नकाशावर मोजून ठेवा. कपाळावर बांधायची बॅटरी प्रत्येकाला एक. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नका, चार्जिंग तिथेच संपतं. पैशांबद्दल संभाजीनगरच्या ताई सांगतील, ते त्यांचं रोजचं काम आहे.

---

प्रेषक: पर्यटन व विमा दावे, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार,

स्पष्टच लिहिते. तिकिटाच्या करारात बंदर वगळायचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. रोआतान गेलं म्हणून बहुधा फक्त त्या बंदराचा कर परत येईल. जहाजाकडूनच घेतलेली तिथली सहल आपोआप परत होते. बाहेरून बुक केली असेल तर आजच रद्द करा, बऱ्याच ठिकाणी ४८ तासांची अट असते.

हक्काचे पैसे कुठे मिळतात ते पाहा. अमेरिकी बंदरातून निघणारी सफर रद्द झाली किंवा निघायलाच ३ किंवा जास्त दिवस उशीर झाला, तर फेडरल मेरिटाइम कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेच्या नियमाप्रमाणे परतावा मागता येतो. ट्रायम्फनंतर मे २०१३ मध्ये क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने प्रवाशांचे हक्क जाहीर केले. यंत्रबिघाडाने सफर रद्द झाली तर पूर्ण पैसे, मध्येच संपली तर काही भाग, शिवाय ठरलेल्या बंदरापर्यंत किंवा घरच्या गावापर्यंत पोचवणं, आणि भलत्याच बंदरात रात्र काढावी लागली तर राहायची सोय. हे शब्द कागदावर छापून सोबत न्या. काउंटरवर तीनशे माणसं उभी असताना कागद दाखवणाऱ्याचं काम लवकर होतं.

विम्यात सगळे अडकतात ते इथे: बिघाड जाहीर झाल्यानंतर काढलेली पॉलिसी त्या बिघाडाचे पैसे देत नाही, कारण ती आता माहीत असलेली घटना झाली. ज्यांची पॉलिसी मेलच्या आधीची आहे त्यांनी "ट्रिप डिले"खाली (प्रवासाला उशीर) किती तासांची अट आहे ते आज वाचावं. ६ तास आणि १२ तास यांत मोठा फरक पडतो. आई-बाबांचा व्हिजिटर विमा बहुधा फक्त आजारपणाचा असतो, तो अमेरिकेबाहेर आणि भर समुद्रात चालतो का ते लेखी विचारा. जहाजावरचा दवाखाना विमा घेत नाही. बिल तुमच्या खोलीच्या खात्यावर चढतं, दावा नंतर तुम्ही करायचा.

उशीर झाला तर उतरण्याआधी गेस्ट सर्व्हिसेसकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ आणि कारण म्हणून "मेकॅनिकल ब्रेकडाउन" हे शब्द हवेत. नुसतं "ऑपरेशनल कारण" लिहिलेलं पत्र दाव्यात परत येतं. त्यांनी तिथल्या तिथे पुढच्या सफरीचं क्रेडिट देऊ केलं, तर सही करण्याआधी त्यामुळे रोख परताव्याचा हक्क सुटतो का ते वाचा. सत्तरीतल्या आई-वडिलांना पुन्हा व्हिसा काढून, पुन्हा ह्यूस्टनला येऊन ते क्रेडिट वापरायचं आहे. मी तरी कमी का होईना, रोख घ्या म्हणेन.

पासपोर्टचं नीट ऐका. जिथून निघाली तिथेच परतणाऱ्या सफरीत अमेरिकी नागरिकाला जन्मदाखल्यावर चढू देतात, म्हणून कित्येकजण मुलांचे पासपोर्ट घरी ठेवतात. जहाज मेक्सिकोत किंवा होंडुरासमध्ये अडकलं आणि विमानाने परतायची वेळ आली, की जन्मदाखला चालत नाही. पासपोर्ट पुस्तिकाच लागते, पासपोर्ट कार्डही विमानाला चालत नाही. एच-१बी वाल्यांपैकी ज्यांचा व्हिसा शिक्का संपलाय, त्यांना मेक्सिको किंवा कॅनडातून ३० दिवसांच्या आत परतायची सवलत असते. ती होंडुरास, जमैकाला नाही. बिघडलेलं जहाज कुठे लागेल ते आपल्या हातात नसतं, तेव्हा असा शिक्का असेल तर या सफरीला जाऊ नका.

परतीच्या दिवशीचं भारताचं विमान आजच दोन दिवस पुढे सरकवा. गॅल्व्हस्टन ते ह्यूस्टनचा मोठा विमानतळ सुमारे ७० मैल, त्यात आंतरराष्ट्रीय विमानाला ३ तास आधी. आधी बदललं तर फक्त तारखेच्या बदलाचे पैसे जातात. न कळवता चुकलं तर पुढचे सगळे टप्पे रद्द होतात. मुंबई ते चिकलठाणा (संभाजीनगरचा विमानतळ) हे विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर ती कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही. देवगिरी एक्स्प्रेसचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं म्हणून बऱ्याच जणांनी ते काढूनही ठेवलंय. तेही बदला, नाहीतर परभणी-नांदेडच्या मंडळींना मुंबईत मुक्काम पडेल.

---

प्रेषक: डॉक्टर, नांदेड

दोन-तीन गोष्टी जोडते.

गोळ्या सफरीच्या दिवसांहून ७ दिवस जास्त, हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात, चिठ्ठीसह. शेवटच्या रात्री बॅगा खोलीबाहेर ठेवायला सांगतात, तेव्हा औषधं त्यात जाऊ देऊ नका.

मधुमेह असलेल्यांना सगळ्यात मोठा धोका रक्तातली साखर उतरण्याचा आहे. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतली किंवा जेवणाआधीचं इन्शुलिन टोचलं आणि ताट तीन तासांनी मिळालं, तर माणूस घामाघूम होऊन कोसळतो. बिघडलेल्या जहाजावर जेवणाची रांग किती लांबेल सांगता येत नाही. ताट हातात आल्यावरच गोळी किंवा सुई, असा फरक चालेल का ते आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारून ठेवा. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या, गुळाचा खडा. उघडलेलं इन्शुलिन पेन साधारण ३० अंशांखाली चार आठवडे टिकतं, प्रकारानुसार पत्रकात पाहा. खोलीतला फ्रिज पुरेसा गार नसतो, न उघडलेली पेनं दवाखान्यात ठेवायला द्या आणि पावती घ्या.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना उलट्या आणि उकाडा एकत्र सोसत नाही. दोनहून जास्त उलट्या झाल्या तर ती गोळी घेण्याआधी जहाजावरच्या डॉक्टरांना विचारा. आपल्याकडून आणलेली अव्होमिन ही उलटीवरची गोळी ज्येष्ठांना झोपाळू करते, डोलत्या जिन्यावर पडायला तेवढं पुरतं. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी तिच्यामुळे तुंबू शकते. अव्होमिनची अर्धी गोळी घरीच, निघण्याआधी, घेऊन पाहा.

घरचे धपाटे, दशम्या जहाजावर चढताना बहुधा काढून घेतात. कारखान्यात सीलबंद केलेली शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याच्या वड्या, भाजके चणे चालतात. यावर दोन दिवस निघतात.

---

प्रेषक: परभणी

आमचे आई-बाबा तिकडे तुमच्यासोबत आहेत. टीव्हीवर काही आलं आणि फोन लागला नाही, तर आम्ही इकडून काय पाहावं?

---

प्रेषक: लातूर

जहाजाचं नाव टाकून एआयएसच्या (जहाज आपली जागा आणि वेग आपोआप कळवतं ती यंत्रणा) नेटवरच्या नकाशावर वेग पाहा. १४–१६ नॉट दिसले म्हणजे ठरल्याप्रमाणे हळू चाललंय. एक-दोन नॉट आणि दिशा सारखी बदलतेय, शेजारी "नॉट अंडर कमांड" (जहाज ताब्यात नाही) लिहिलंय, तर यंत्र बंद पडून ते वाहतंय. फुकटच्या नकाशावर मात्र किनाऱ्यावरच्या अँटेनाचीच माहिती असते, ती साधारण ४० सागरी मैलांपर्यंत. गल्फच्या मध्यावर जहाज दिवसभर दिसलंच नाही तर घाबरू नका, शेवटची वेळ आणि जागा लिहून ठेवा. वीज गेली की जहाजावरचं वायफायही बहुधा जातं, तेव्हा व्हॉट्सअॅपची एकच टिक राहिली यावरून काही ठरवू नका. कंपनीचा आणीबाणीचा नंबर, बुकिंग क्रमांक आणि केबिन क्रमांक आत्ताच मागून घ्या, फोनवर हे तिन्ही विचारतात. ह्यूस्टनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे, हिवाळ्यात साडेअकरा. तिथल्या सकाळी ८ ला फोन करायचा म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात.