मुलांचा दीन (धर्माचं शिक्षण) फोनवर सोडून चालेल का?

फजरवाली: माझी मुलगी ९ वर्षांची. परवा फोनमधली अजान सुरू झाली तर हिने न बघताच बोट लावून बंद केली आणि परत गेममध्ये, जसा आपण सकाळचा अलार्म गप्प करतो ना तस्सं. फार लागलं मला. नमाजची वेळ, दुआ, तिलावत (कुरआनपठण) सगळं ॲपमध्ये आहे म्हणून आपण निर्धास्त, पण ७ वर्षांच्या मुलांना नमाज पढायला सांगा ही हदीस (पैगंबरांचं वचन) आईबापांसाठी आहे, ॲपसाठी नाही. माझ्या मते १२ पर्यंत दीन फोनवरून शिकवूच नये.

अर्धवट_हाफिज: नाही पटलं. माझी स्वतःची तजवीद, म्हणजे कुरआन अचूक उच्चारात पढणं, कच्ची, मी शिकवलं तर माझ्याच चुका पोराच्या तोंडात बसणार. तो कारीचं (कुरआन शुद्ध पढणाऱ्याचं) रेकॉर्डिंग लावतो, थांबवतो, मागे घेतो, परत म्हणतो. कुरआन आधीपासून कानानेच पुढे गेलाय, मग कान रेकॉर्डिंगला लावला तर बिघडलं काय?

फजरवाली: तो ऐकतो हो, पण त्याचं कोण ऐकतं? माझी मुलगी सूरह इख्लास, कुरआनचा एक छोटा अध्याय, मस्त सुरात म्हणायची, चारच आयती (ओळी), मी खूश. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच शब्दाला अडवलं. 'क़ुल' म्हणजे सांग, ही म्हणत होती 'कुल', म्हणजे खा! 'क़' हे अक्षर, क़ाफ, जिभेच्या पार मुळाशी निघतं, बाईंनी आ करून दाखवला, पोरगी हसून लोळली पण परत चुकली नाही.

प्रश्नचिन्ह: मी १९ची, फोनसोबतच वाढले. गेमचं सोडा हो. १४व्या वर्षी डोक्यात नको नको ते प्रश्न यायचे, घरी विचारलं की 'असं विचारायचं नसतं', मग रात्री पांघरुणात फोनला विचारायचे, आणि तिथे अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओत कोणीही उठून हे हराम ते हराम ठोकून देतो. बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी शहानिशा करा, हे सूरह हुजुरातमध्येच आहे (४९:६), पण ते मला खूप उशिरा कळलं. १२ पर्यंत कुलूप लावाल, १३व्या वर्षी काय?

अर्धवट_हाफिज: हेच म्हणतोय मी. आणि ताई, राग मानू नका, अजान झाली तेव्हा तुमच्या हातात काय होतं?

फजरवाली: फोनच. आणि मीही लगेच उठले नव्हते. पण भाऊ, यात तर माझाच मुद्दा आला, ती ॲपकडे नाही माझ्याकडे बघून शिकतेय. १२चं १० करते चला, त्याखाली नाही.